आधी उतरवा, मग घासा: गाडीच्या रंगाचे ओरखडे आणि ट्रिमवरचे डाग

गाडीच्या दारावर पांढरट रेघ उमटली की तिच्यावर बहुतेक वेळा एकच औषध सांगितलं जातं: रबिंग-पॉलिश. ओरखडा असो, शेजारच्या गाडीचा लागलेला रंग असो, सिमेंटचा शिंतोडा असो की वाळलेल्या पाण्याचा डाग, उपाय तोच. ही सवय गाडीच्या रंगाला ओरखड्यांपेक्षाही महाग पडते, असं या लेखाचं म्हणणं आहे. रंगावर दिसणाऱ्या प्रत्येक खुणेबद्दल आधी एक प्रश्न विचारायला हवा: इथे काही चढलं आहे, की इथलं काही गेलं आहे? चढलेलं असेल तर ते भिजवून, विरघळवून, उचलून काढता येतं आणि रंगाला धक्काही लागत नाही. थोडंसंच गेलं असेल तर आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित खाली आणून ती खूण पुसट करता येते. पॉलिशचं काम एवढंच. पुष्कळ गेलं असेल तर कितीही घासा, ते परत येत नाही. तिथे रंगच भरावा लागतो. ही तीन कामं वेगळी आहेत. एकाचा उपाय दुसऱ्यावर वापरला की पैसे जातातच, शिवाय रंगही जातो.

मुंबईतल्या मरोळमध्ये तर हा फरक ओळखणं आणखी गरजेचं आहे, कारण इथे गाडीवर चढणाऱ्या गोष्टीच फार. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यांमध्ये लोखंड कापलं जातं, घासलं जातं, त्याचे बारीक कण हवेत उडतात. जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. मेट्रो १ मरोळ नाक्यावरून २०१४ पासून धावते, तिच्याखालून जाणारी भुयारी ‘मेट्रो ३’ ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली; या कामांच्या वर्षांत इथल्या रस्त्यांनी सिमेंट आणि माती भरपूर पाहिली. उत्तरेला आरेची झाडी, त्यामुळे झाडाखाली लावलेल्या गाड्यांवर चीक आणि पक्ष्यांची विष्ठा. आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे दाराच्या खालच्या काळ्या प्लास्टिकवर चिखलाचे थर. अशा ठिकाणी गाडीवर दिसणाऱ्या खुणांपैकी बऱ्याच खुणा रंग गेल्याच्या नसतात, काहीतरी चढल्याच्या असतात. त्यांच्यावर पॉलिशचं मशीन फिरवणं म्हणजे वाळूसकट रंग घासणं.

घासण्याची भीती का बाळगायची, हे रंगाच्या जाडीवरून कळतं. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, आणि गाडीची चमक, रंगाचं उन्हापासून संरक्षण, दोन्ही त्याच्यावर अवलंबून. खरखरीत कंपाउंडने जोरात एक फेरी मारली तर त्यातले दोन-तीन मायक्रॉन सहज जातात. क्लिअर कोट हे मुद्दल आहे: कारखान्यात एकदाच जमा झालेलं, पुढे फक्त खर्च होणारं. तो पार झिजला की खालचा रंग उन्हाने विटतो आणि कडेने पापुद्रे सुटू लागतात; मग पॉलिश उपयोगाचं राहत नाही, तो भाग नव्याने रंगवावा लागतो.

रबिंगची सवय आली तरी कुठून? एके काळी तिच्यात अर्थ होता. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून पद्मिनी गाडी बाहेर पडत होती त्या काळात गाड्यांवर बहुधा एकाच जातीच्या रंगाचे थर दिले जात, वर वेगळा क्लिअर कोट नसे. अशा रंगाचा वरचा भाग उन्हाने पांढुरका पडतो. तो घासून काढला की खालून तोच रंग ताजा निघतो, आणि फडक्यावर गाडीचा रंग उतरलेला दिसतो. त्या रंगासाठी रबिंग कंपाउंड योग्यच होतं. गाड्यांचा रंग बदलला, हाताला लागलेली सवय मात्र बदलली नाही. तुमची गाडी जुनी असेल आणि पॉलिश करताना फडक्यावर तिचा रंग येत असेल, तर ती एकेरी रंगाची आहे असं समजा. पण क्लिअर कोटच्या गाडीत फडक्यावर रंग आला तर लगेच थांबा. वरचा थर संपला आहे.

आता पारख. गाडी धुतल्याशिवाय कुठल्याही खुणेबद्दल मत बनवू नका. सावलीत, पत्रा गार असताना आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून जाऊ द्या. मग गाडीसाठीच्या सौम्य शाम्पूने वरून खाली धुवा आणि मायक्रोफायबरच्या कापडाने पाणी टिपून घ्या. त्यानंतर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून खूण बघा. नख हळूच आडवं फिरवा. नखाला उंचवटा लागला तर तिथे काहीतरी चढलेलं आहे. नख अडकलंच नाही तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. नख खाचेत अडकलं तर तो पॉलिशच्या पलीकडे गेलेला असण्याची शक्यता मोठी. आणखी एक सोपी चाचणी: खुणेवर पाण्याचा थेंब पसरवा. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली तर ती वरवरची आहे. ओल्यातही राखाडी, पांढरी किंवा तपकिरी दिसत राहिली तर प्रायमर किंवा पत्रा उघडा पडलेला आहे. अरुंद गल्लीत दुसऱ्या गाडीला घासून आलेली जाड रेघ तर पुष्कळदा समोरच्या गाडीचाच रंग असतो. पाण्यात एक-चतुर्थांश आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून कापडाने हलक्या हाताने पुसलं की त्यातला काही भाग निघून येऊ शकतो आणि ‘मोठा ओरखडा’ दोन-तीन बारीक रेषांवर येतो.

चढलेल्या प्रत्येक गोष्टीचं औषध वेगळं आहे. सिमेंटचा शिंतोडा नखाने किंवा पत्तीने खरवडू नका. त्यातली वाळू क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असते. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून त्यात भिजवलेलं कापड त्यावर काही मिनिटं ठेवा, मऊ झालेला भाग टिपून घ्या, भरपूर पाण्याने धुवा, आणि राहिलं तर पुन्हा तेच करा. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे ते रंगाला खातही असतं. म्हणून ते दिसेल त्या दिवशी काढावं. पांढऱ्या गाडीवर दिसणारे नारिंगी ठिपके म्हणजे बहुधा रंगात रुतलेले लोखंडाचे कण. त्यांच्यासाठी लोहकण विरघळवणारा फवारा मिळतो. तो कणांना लागला की जांभळा ओघळ दिसतो. हातमोजे घालून वापरा आणि वाळण्याआधी धुऊन टाका. त्यानंतरही पृष्ठभाग हाताला खरखरीत लागला तर क्ले बार, म्हणजे रुतलेली घाण उचलणारी मऊ वडी घ्या, पण भरपूर साबणाच्या पाण्याबरोबर आणि जवळजवळ न दाबता. क्ले जमिनीवर पडली तर ती टाकून द्या. तिला चिकटलेली वाळू नवे ओरखडे काढेल.

पाण्याचे गोल डाग समजून घेण्यासारखे आहेत. महापालिकेचं पाणी तलावांतलं, पावसाचं. त्यात क्षार कमी. बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यात ते बरेचदा जास्त असतात, आणि सोसायट्यांमध्ये गाडी धुवायला नेमकं हेच पाणी दिलं जातं. ते उन्हात वाळलं की क्षार मागे राहतात. ताजे डाग पातळ व्हिनेगरने जातात. महिनोन्महिने राहिलेले डाग क्लिअर कोटला खाऊन बारीक खड्डे पाडतात. तिथे मग चढलेलं उतरवल्यावरही काही गेलेलं उरतं. शेवटचं पुसणं घरच्या आरओ शुद्धीकरण यंत्राच्या बादलीभर शुद्ध पाण्याने केलं तर हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक यांच्या बाबतीत वेळेलाच महत्त्व आहे. ओलं कापड पाच-दहा मिनिटं वर ठेवून उचला, पुसू नका. दसऱ्याच्या हारांच्या तारा, लग्नाच्या गाडीवरच्या सेलोटेपचा गोंद, बॉनेटवरचं हळद-कुंकू हेही याच यादीतले पाहुणे. तार रंगाला टेकणार नाही असा हार बांधा. गोंद केस वाळवायच्या यंत्राने कोमट करून टेप कमी कोनात ओढा, उरलेला चिकटपणा अल्कोहोलच्या पाण्याने काढा. हळदीचा पिवळेपणा धुऊन राहिला तर घासत बसू नका. उन्हात तो आपोआप फिकट होतो.

एवढं करून जे उरेल तेच पॉलिशचं काम, आणि ते आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. त्यातही नियम एकच: सर्वांत सौम्य उपायाने सुरुवात. दाराच्या खालच्या भागात फूटभर चौकोन निवडा. मऊ फोमच्या पॅडवर सर्वांत बारीक फिनिशिंग पॉलिशचे तीन-चार थेंब घ्या, उभ्या-आडव्या एकमेकींवर चढणाऱ्या फेऱ्या मारा, पुसा आणि अल्कोहोलच्या पाण्याने तेल काढून टॉर्चच्या उजेडात बघा. हे तेल काढणं टाळू नका, कारण पुष्कळ पॉलिशमधली तेलं ओरखडे बुजवून दाखवतात आणि दोन धुण्यांनंतर ते पुन्हा वर येतात. एवढ्याने भागलं तर सगळीकडे तेच वापरा. नाही भागलं तरच एक पायरी वर चढा. दाराच्या कडा, बॉनेटची उभी रेघ, हँडलजवळचे उंचवटे इथे क्लिअर कोट सर्वांत पातळ असतो; तिथे हात हलका ठेवा किंवा टेप लावून ती जागा सोडून द्या. यंत्र वापरायचंच तर ज्याचं पॅड गोल फिरता फिरता थोडं हलतही राहतं ते घ्या. सरळ फिरणाऱ्या बफिंग मशीनला लोकरीचं पॅड लावलं की काम लवकर होतं, पण त्याच्या उष्णतेने कडा जळतात आणि उन्हात गोल गोल छटा दिसू लागतात. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे उष्णता साठते. त्याला अधिकच जपा.

ट्रिमच्या बाबतीत लोक सर्वांत जास्त फसतात. आरशाचा पाया, वायपरखालची जाळी, दाराखालची काळी पट्टी, चाकाभोवतीची कमान हे भाग बहुधा न रंगवलेल्या खरखरीत प्लास्टिकचे असतात. त्यांच्यावर क्लिअर कोट नाही, म्हणून पॉलिशने त्यांचं काहीच भलं होत नाही. पॉलिश किंवा मेण तिथे लागलं की त्यातला पातळ भाग उडून जातो आणि पांढरी भुकटी प्लास्टिकच्या बारीक खाचांत अडकून बसते. म्हणून पॉलिश सुरू करण्याआधी सगळ्या ट्रिमला आणि काचेच्या रबर बीडिंगला मास्किंग टेप लावा. या दहा मिनिटांनी पुढचा तासभर वाचतो. आधीच पांढरं झालं असेल तर कोरड्या मऊ टूथब्रशने भुकटी सुटी करा. छोट्या डागावर पांढरा खोडरबर चालतो. मोठ्या भागावर दहापट पाण्यात मिसळलेला सर्वसाधारण क्लीनर फवारा, एक मिनिट थांबा, ब्रशने हलके घासा, ओल्या कापडाने उचला आणि धुवा. तेलकट मेण हटत नसेल तर अर्धं पाणी, अर्धं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसा. चकाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर तीव्र अल्कधर्मी क्लीनर लावू नका, कायमचे डाग पडतात. दरवाजांमधल्या काळ्या चकचकीत खांबांवर ब्रशही नको. फक्त ओलं मायक्रोफायबर.

पण सगळाच पांढरेपणा पॉलिशचा नसतो. डाग पट्टीच्या वरच्या कडेला, पुसण्याच्या दिशेने ओघळल्यासारखे असतील तर ते पॉलिशचे. सगळी पट्टी एकसारखी करडी झाली असेल, ओली केली की काळी आणि वाळली की पुन्हा करडी होत असेल, तर ते प्लास्टिकच उन्हाने विटलं आहे. इथे काही चढलेलं नाही, काहीतरी गेलेलं आहे. तिथे ब्रश घासून काही साधणार नाही. नीट धुऊन, वाळवून ट्रिमसाठीचं पाण्यावर आधारलेलं ड्रेसिंग पातळ लावा आणि जास्तीचं पुसून घ्या. रॉकेल, डिझेल, जळकं इंजिन ऑइल, खोबरेल, काळं बूटपॉलिश यांनी दोन दिवस काळेपणा येतो हे खरं. पण तेलावर धूळ चिकटते, आणि रॉकेल-डिझेलमुळे रबर फुगतं, नरम पडतं. हीट गनने प्लास्टिक काळं करण्याची युक्तीही तात्पुरतीच आहे आणि शेजारचा रंग जाळू शकते.

नख अडकतं तिथे मात्र रंग भरणं हाच प्रामाणिक उपाय. गाडीच्या रंगाचा कोड बहुधा बॉनेटखाली किंवा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. त्यावरून टच-अप घ्या. गंज असेल तर तेवढाच घासून काढा, अल्कोहोलने पुसा, प्रायमर, मग रंगाचे पातळ थर वाळवत वाळवत भरा आणि शेवटी क्लिअर. जवळून बघितल्यावर खूण दिसेल; हेतू लपवण्याचा नाही, पत्रा झाकण्याचा आहे. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत उघडा पत्रा पावसाळाभर ठेवणं परवडणारं नाही. विम्याचा दावा करण्याआधी हिशेब मांडा. सलग दावा न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर २० टक्क्यांपासून पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, आणि एका दाराच्या रंगासाठी दावा केला तर ती साधारणपणे पुन्हा शून्यावर येते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पहिला असा की दरवर्षी पॉलिश केलेली गाडी नव्यासारखी दिसते, मग हरकत काय? दिसते हे खरं, पण ज्याच्या बळावर ती दिसते ते दरवर्षी कमी होतं. एखाद्या दुकानात रंगाची जाडी मोजण्याचं यंत्र असेल तर आधी मोजून घ्या. पत्र्यावर आकडा ९० च्या आसपास असेल तर मशीनला नाही म्हणा, आणि एकाच दाराचा आकडा ३०० च्या वर गेला तर ते पुन्हा रंगवलेलं असणार, कदाचित खाली लांबीही भरलेली असेल. दुसरा आक्षेप सिरॅमिक कोटिंगचा: ते एकदा केलं की प्रश्न मिटला. सिरॅमिकचा थर जेमतेम मायक्रॉनभराचा असतो. त्यामुळे घाण सहज निघते, विष्ठा आणि चीक यांना वेळ मिळतो, हा खरा फायदा आहे. पण वाळूचा कण त्यालाही ओरखडतो, आणि कोटिंगआधी जोरात रबिंग केलं असेल तर क्लिअर कोट गेलेलाच असतो. तिसरा आक्षेप टूथपेस्टचा. टूथपेस्टमध्येही घासणारे कण असतात, म्हणून एखादी रेघ पुसट होते. पण ते कण गाडीच्या रंगासाठी मापून केलेले नसतात, आणि गडद रंगावर त्या जागी धुरकटपणा येऊ शकतो. बारीक पॉलिशची छोटी बाटली मिळत असताना हा धोका कशाला?

सर्वांत मोठा आक्षेप पाण्याच्या कमतरतेचा आहे, आणि त्याच्यातच ओरखड्यांचं मूळ कारण दडलेलं आहे. गाडीवरच्या असंख्य गोल बारीक रेषांचा मोठा भाग अपघातात आलेला नसतो. तो रोज सकाळी कोरड्या किंवा अर्धओल्या फडक्याने धूळ पुसल्याने येतो. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, त्याचा कठीणपणा मोहसच्या मापावर ७. ते फडक्यात धरून दारावर फिरवलं की रोज एक हलकं रबिंगच होतं. दोष पुसणाऱ्याला देऊ नका. एका बादलीत अनेक गाड्या उरकण्याची त्याच्यावर सक्ती असते, आणि रोज पुसून घेण्याची मागणी आपलीच असते. पाणी कमी आहे म्हणून रोज पुसायचं, हा तर्क उलटा आहे: पाणी कमी असेल तर कमी वेळा, पण भिजवून पुसा. आठवड्यातून एकदा दोन बादल्या, एक साबणाची आणि एक कापड खळबळायची, एवढ्यात छोटी गाडी नीट होते. मधल्या दिवसांत फक्त काचा आणि आरसे पुसायला सांगा, आणि पुसणाऱ्याला तुमच्या गाडीसाठी वेगळी चार मायक्रोफायबर कापडं द्या. धुळकट गाडीवर कव्हर घालू नका. वाऱ्याने फडफडणारं कव्हर तेच काम रात्रभर करतं. आणि धुण्याचं पाणी सिमेंट, तेल, लोहकणांचं रसायन घेऊन रस्त्याकडेच्या गटारात जातं हेही लक्षात असू द्या. इथली पावसाळी गटारं मिठी नदीकडे वाहतात. म्हणून रसायनं थेंबाने वापरा, आणि तेलकट फडकी सुक्या कचऱ्यात टाका.

पुढच्या वेळी गॅरेजमध्ये गाडी नेली की ‘रबिंग करून द्या’ असं सांगण्याऐवजी ही खूण काढण्याजोगी आहे, पुसट करण्याजोगी आहे की भरण्याजोगी आहे, असं विचारा. गाडी आधी धुऊन दाखवायला, ट्रिमला टेप लावायला आणि एका चौकोनावर सर्वांत सौम्य पॉलिश करून बघायला सांगा. हे ऐकून घेणारा कारागीर तुमच्या रंगाची काळजी घेईल. जो थेट लोकरीचं पॅड उचलतो त्याच्याकडे रंग सोपवू नका. चमक आज मिळाली नाही तरी पुढे कधीही आणता येते. खरवडून गेलेला क्लिअर कोट मात्र कुठलंही पॉलिश परत आणत नाही.